कऱ्हाडचा ऱ

आज विद्यापीठात परीक्षा विभागातल्या कर्मचाऱ्यांचं युनिकोड प्रशिक्षण घेतलं. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच ठरलेला कोड. आयटी विभागात लागलो तेव्हा वाटायचं, सगळी नोकरी सर्व्हर आणि केबलींत जाणार. निम्मी शिकवण्यात गेली, आणि तीच जास्त आवडली.

युनिकोडआधीच्या जुन्या फॉन्टमधली फाईल तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली की नुसती इंग्रजी अक्षरं दिसतात. कारण आत कोड इंग्रजी अक्षरांचेच असतात, फॉन्ट त्यांना फक्त मराठी रूप देतो. हे दाखवल्यावर सगळे गप्प झाले. कितीतरी वर्षांची परिपत्रकं अशीच पडून आहेत, जीव तुटतो.

लवकरच निवृत्त होणाऱ्या एक मॅडम कऱ्हाडच्या. म्हणाल्या, "सर, मला माझं गावच नीट लिहिता येत नाही. रफार येतो, 'कर्हाड' होतं." इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाण कळफलकावर, दाखवलं: शिफ्ट धरून जे, मग डी, मग यू. त्यांनी स्वतः दाबलं. पडद्यावर 'ऱ्ह' उमटला. चष्मा सावरून पुन्हा पाहिलं, आणि मग ओळभर कऱ्हाड, कऱ्हाड लिहीत सुटल्या.

जेवणाची सुट्टी झाली तरी उठेनात. मीही डबा उघडला नाही, शेजारी खुर्ची ओढून बसलो.