विष्ठेतले केस: काळ्या गाभ्याचं कोडं सुटलं

विष्ठेतल्या केसांवरून कोणत्या प्राण्याने काय खाल्लं ते मी ओळखतोय. मागच्या वेळी बिबट्या आणि कोळसून (रानकुत्रा) यांच्या आहाराचा पियांका निर्देशांक (दोघांचा आहार किती जुळतो ते 0 ते 1 मध्ये सांगणारा आकडा) 0.9 च्या वर आला आणि मी हिरमुसून वही मिटली होती. 1 म्हणजे आहार तंतोतंत सारखा, मग वेगळेपण शोधायचं कुठे? तो आकडाच चुकला होता. चूक परवा सापडली!

सगळा घोळ केसाच्या गाभ्याचा. बिबट्याच्या विष्ठेतले बरेच बारीक केस सूक्ष्मदर्शकाखाली 400 पटीत मधोमध नुसते काळे दिसायचे. गाभा रुंद, भोवतीचा थर पातळ, म्हणून मी ते चितळाच्या पाडसाचे धरले, आणि आहार कोळसुनाशी जुळल्यासारखा दिसला. तीन आठवडे भिंगं बदलली, दिवा कमीजास्त केला, केस पुन्हा पुन्हा धुतले. काळं ते काळंच. मग लक्षात आलं, हा रंग नाही, आत कोंडलेली हवा आहे. ब्लेडने केसाचे छोटे तुकडे करून रात्रभर पॅराफिन तेलात ठेवले. सकाळी पाहिलं तर कापलेल्या टोकाकडून तेल आत शिरलेलं, आणि तिथे मक्याच्या कणसावर असतात तशा दाण्यांच्या ओळी, एकीला लागून एक. ससा! हरणाच्या केसात मधाच्या पोळ्यासारखी घरं दिसतात, अशा सरळ ओळी नसतात. कितीतरी वेळ मी भिंगावरून डोळा काढला नाही.

केसाच्या पृष्ठभागावरच्या खवल्यांचे ठसेही आता बुडबुड्यांशिवाय निघतात. केस अल्कोहोलमध्ये धुऊन पूर्ण वाळवायचा आणि नेलपॉलिशचा थर अगदी पातळ द्यायचा. विकत घेतलेल्या संदर्भ-स्लाइडचा मात्र काही उपयोग झाला नाही. प्रत्येक प्राण्याचा एकच, पाठीवरचा केस. मान, पाठ, पोट असा संच स्वतःच करावा.

आता दर विष्ठेतले 20 केस नव्याने बघतोय. नुसत्या विष्ठा मोजूनही भागत नाही. एका विष्ठेमागे किती मांस खाल्लं गेलं, ते भक्ष्याच्या वजनाप्रमाणे बदलतं. त्यासाठीचं अॅकरमन आणि सहकाऱ्यांचं 1984 चं प्यूमावरचं (अमेरिकेतलं मोठं रानमांजर) सूत्र (1.98 + 0.035 × भक्ष्याचं किलोतलं वजन) बिबट्याला लावलं, तर 3 किलोच्या सशामागे एका विष्ठेला सुमारे 2.1 किलो मांस येतं, 55 किलोच्या चितळामागे 3.9. कोळसुनाला हे सूत्र लावायचं नाही, त्याला लांडग्यांवरच्या प्रयोगांतलं घ्यावं लागेल.

हे लिहितानाच सुचलं: पाडसांचा माझा पुरावा तर सशाबरोबर गेला. दोघांनी चितळच खाल्लं तरी एक पाडसं आणि दुसरा मोठी जनावरं मारत असेल, ते केसावरून कसं कळणार? खुराच्या आकारावरून कदाचित कळेल, आणि विष्ठा धुताना चाळणीत उरलेले खुरांचे तुकडे तर मी फेकत होतो. आजपासून ते वेगळ्या पाकिटात, आणि ठशांचं काम थोडं मागे.