गोकूचे केस आणि पहिली रांग

गेल्या वर्षी नवरात्र संपल्यावर दोन-तीन दिवसांनी दुकानात दोन मुलं आली. परत आलेल्या चणियाचोळ्यांचा ढीग पडलेला, आणि मी एकेक घागरा उलगडून आभले मोजत बसले होते. (निसटलेल्या प्रत्येक आभल्यामागे पाच रुपये कापायचे असा बाबांचा नियम. बाबा समोर असले की मी कापते.) त्यातल्या उंच मुलानं मोबाइल माझ्यापुढे धरला आणि घाबरत विचारलं, "बेन, आ वाळ ऊभा तो रहेशे ने?" म्हणजे, हे केस उभे तरी राहतील ना?

फोटोत सुपर सय्यान गोकू, म्हणजे ड्रॅगन बॉल या जपानी कार्टूनचा नायक, ताकद चढल्यावरच्या रूपात. पिवळेधमक केस, सगळे आभाळाकडे.

आमचं दुकान बडोद्यात, दांडिया बाजारातल्या एका बोळात. पाटीवर मराठीत आणि गुजरातीत 'ड्रेस भाड्याने मिळतील' एवढंच. आजोबा नाटकवाल्यांसाठी टोप करायचे, दाढ्यामिशा करायचे. आता नाटकं उरली नाहीत, म्हणून नवरात्रात चणियाचोळी, शिवजयंतीला जिरेटोप आणि मावळे, शाळांच्या गॅदरिंगला झाशीची राणी. आणि गेली चार-पाच वर्षं हे नवीन गिऱ्हाईक: कॉलेजातली पोरं, ज्यांना जपानी कार्टूनमधलं कुणीतरी व्हायचं असतं.

मी स्वतः त्यातलीच. शाळेतून आले की दप्तर फेकून कार्टून नेटवर्कवर हिंदीतला ड्रॅगन बॉल झेड बघणारी. त्यामुळे गोकूची ऑर्डर आल्यावर मला जो आनंद झाला तो गिऱ्हाइकाला दाखवता आला नाही. बाबांनी मात्र चष्मा कपाळावर चढवून फोटो पाहिला आणि निकाल दिला, "राक्षसच आहे. पिवळा राक्षस. होईल."

झाला नाही लगेच. राक्षसाच्या टोपाला आम्ही जाळीच्या टोपीवर काथ्या शिवतो, काम संपलं. गोकूसाठी मांडवीतून गंगावनाचे खोटे केस पिवळ्या रंगात आणले, प्रत्येक तुऱ्यात बारीक तार घातली, वरून फेविकॉल पाण्यात कालवून फासला आणि टोप दोरीला उलटा टांगला. मग बाबांनी माझ्याकडून गोकूचे आणखी फोटो मागवले, समोरून, डावीकडून, उजवीकडून. पाचेक मिनिटं बघून म्हणाले, "अगं, हे डोकं आहे तरी कसलं? इकडून बघितलं की तुरे असे, तिकडून बघितलं की पण असेच. मग मधे काय होतं?"

मधे काहीच होत नाही, कारण मधे कुणी बघतच नाही. चित्रकार प्रत्येक चौकटीत केस त्या चौकटीपुरते छान दिसतील असे काढतो. गोकूनं तोंड फिरवलं की तुरे आपोआप सोयीची बाजू धरतात. आणि तो पिवळा रंग? गोकूचे मूळ चित्रकार अकिरा तोरियामांनी सांगितलेलं आहे की काळ्या-पांढऱ्या मासिकात गोकूचे केस दर वेळी शाईनं भरत बसायला मदतनिसाचा फार वेळ जायचा, म्हणून सुपर सय्यान झाल्यावर ते कोरेच ठेवले. म्हणजे ज्या केसांसाठी आम्ही बापलेक चार दिवस तारा वाकवत बसलो, ते मुळात मदतनिसाचा वेळ वाचावा म्हणून जन्माला आलेले!

तेव्हापासून जिवंत माणसं घेऊन केलेले हे मांगा-अ‍ॅनिमेचे सिनेमे (मांगा म्हणजे जपानी चित्रकथा, अ‍ॅनिमे म्हणजे तिथली कार्टूनं) मी वेगळ्याच नजरेनं बघते. सगळे भांडतात ते कथेवरून, हे का कापलं, ते का बदललं. माझी नजर आधी कपाळावर जाते, जिथे केस सुरू होतात तिथे.

२००९ चा ड्रॅगनबॉल इव्होल्यूशन मी आणि दादानं पेनड्राइव्हवर पाहिला. पाहिला म्हणजे अर्धा. त्यात गोकू हायस्कुलात जाणारा पोरगा, केसांना जेल लावून थोडे वर केलेले. त्याच्या मैत्रिणीचे, बुल्माचे, निळे केस जाऊन निळी एक बट उरली. त्याचे म्हातारे गुरू मुतेन रोशी, त्यांना दाढीच नाही. बाबा मागून जाताना थांबले आणि म्हणाले, "हा कुणाच्या लग्नाला निघालाय का?" दादानं लॅपटॉप मिटला. पुढे २०१६ मध्ये त्याच्या पटकथालेखकानं, बेन रॅमझीनं, चाहत्यांची माफी मागितली. दादा म्हणाला, माझे दोन जीबी परत दे म्हणावं.

गंमत अशी की तिथे केस फार उभे नव्हते म्हणून बिघडलं नाही, आणि उभे असते तर सुधारलंही नसतं. बाबांचा या धंद्यात एकच प्रश्न असतो, ऑर्डर कुठलीही असो: "कुठून बघणार लोक?" नाटकाचा टोप शेवटच्या रांगेसाठी असतो. कपाळावर जाळीची कड दिसते, चिकटवायचा स्पिरिट गम चकाकतो, मिशीचं क्रेप फुगलेलं असतं, पण पंधरा-वीस फुटांवरून त्याचा राजा होतो. एकदा टीव्हीवरच्या कुठल्याशा कार्यक्रमाला आजोबांचे टोप गेले होते. घरी सगळे कौतुकानं बघायला बसले आणि जवळून चेहरा आला तेव्हा आजोबा उठून आत गेले. बाबा हे अजून हळू आवाजात सांगतात. कॅमेरा म्हणजे असा प्रेक्षक, जो स्टेजवर चढून नटाच्या नाकाला नाक लावून उभा राहतो. त्याच्यापुढे चित्रातला टोप जसाच्या तसा ठेवलात तर तो झाडू दिसणारच.

म्हणून मला रुरौनी केनशिन हा तलवारबाजाचा सिनेमा आवडतो. २०१२ चा पहिला. माझ्या भाच्यानं लावला होता, सोळा वर्षांचा आहे, अशा बाबतीत घरातला सगळ्यात मोठा तज्ज्ञ तोच. मांगात केनशिनचे केस भडक लाल. सिनेमात तो रंग उतरवून तपकिरीकडे नेलाय, आणि नायक ताकेरू सातोच्या कपाळावर ते केस घाम आल्यासारखे चिकटतात. मारामाऱ्या अफाट आहेतच. पण बाबा, ज्यांना जपानी येत नाही आणि खालची इंग्रजी अक्षरं वाचायचा कंटाळा, ते दहा मिनिटं उभ्यानं बघत राहिले आणि म्हणाले, "धोतराची कड मळलेली आहे बघ." तो हाकामा, जपानी घेरदार पायजमा, पण असो. कपडा वापरलेला दिसत होता. आमच्याकडे मावळ्याचा अंगरखा नवा शिवून आला की आधी चहाच्या पाण्यात बुडवून वाळवतो, नाहीतर पोरगं मावळा न दिसता बँडवाला दिसतं. केनशिनचा दिग्दर्शक केशी ओतोमो आधी एनएचके या जपानी वाहिनीत ऐतिहासिक मालिका करायचा हे मला नंतर कळलं. मग उलगडलं की त्याला कपडे मळवायचं कुणी शिकवावं लागलं नसणार.

याच्या उलट २०१७ चा फुलमेटल अल्केमिस्ट, दोन भावांची गोष्ट. काही भाग थेट इटलीत जाऊन चित्रित केला, लोखंडी चिलखतातला धाकटा भाऊ संगणकानं फार सुंदर केला, आणि थोरल्या एडवर्डचा लाल कोट मात्र नुकताच इस्त्रीवाल्याकडून आल्यासारखा. डोक्यावर सोनेरी केस. माझं लक्ष पूर्ण वेळ केसांवरच. मांगा मला जवळजवळ पाठ आहे, तरी सिनेमातला एक संवाद आठवत नाही.

डेथ नोटवरून, म्हणजे नाव लिहिलं की माणूस मरतो अशा वहीच्या गोष्टीवरून, भाच्याचं आणि माझं कायमचं वाजलेलं आहे. २०१७ चा नेटफ्लिक्सचा. त्याचं म्हणणं, गोष्ट जपानमधून उचलून सिअ‍ॅटलला नेली हाच गुन्हा. मी म्हणते, देश बदलला म्हणून काही बिघडत नाही. ओल्डबॉय मुळात जपानी मांगा, त्यावरून पार्क चान-वूकनं कोरियात सिनेमा केला, वाट्टेल तसा बदलला, आणि २००४ मध्ये कानच्या चित्रपट महोत्सवातून ग्रां प्री घेऊन आला. तिथे कुणी केस मोजत बसलं नाही.

"आत्या, ते वेगळं. ते कुणाला माहीतच नव्हतं आधी."

हे त्याचं खरं आहे, आणि मला उत्तर सुचलं नव्हतं. पण नेटफ्लिक्सच्या सिनेमात मला खुपलं ते दुसरंच. मांगातला लाइट यागामी, ज्याला ती वही सापडते, वर्गात पहिला येणारा, थंड डोक्याचा, मृत्यूदेव र्‍यूक समोर आला तरी काही वेळातच त्याच्याशी हिशेबात बोलायला लागणारा. त्या थंडपणाचीच भीती वाटते. सिनेमातला लाइट र्‍यूकला बघून जो किंचाळतो, तो किंचाळतच राहतो. तिथे केस, कपडे, शहर, काही दुरुस्त करून उपयोग नव्हता. (र्‍यूकला विलेम डफोचा आवाज आहे, तेवढा मी डोळे मिटून ऐकते.) जपानमध्येच २००६ ला झालेल्या सिनेमात केनिची मात्सुयामा एल आहे, लाइटच्या मागावरचा गुप्तहेर. डोळ्यांभोवती काळं, अनवाणी, खुर्चीवर पाय घेऊन उकिडवा बसलेला, अंगठा ओठाशी. चित्रातलं सगळं जसंच्या तसं, आणि तरी चाललं! कारण उकिडवं बसणं हाडामांसाच्या माणसाला जमतं. पाठीला बाक येतो, मान पुढे जाते, मग बोलणंही तसंच येतं. त्याला टोप लागत नाही. लोकांना तो इतका आवडला की २००८ मध्ये एकट्या एलवर वेगळा सिनेमा काढावा लागला.

बाबांना हे सगळे वाद पोरकट वाटतात. त्यांचं पेटंट उत्तर फाळके. धुंडिराज गोविंद फाळके आमच्याच कलाभवनात शिकले, हे बडोद्यातला कुठलाही मराठी माणूस दोन वाक्यांत सांगून मोकळा होतो; बाबा एका वाक्यात सांगतात. पण मुद्दा बरोबर आहे. राजा रविवर्म्यानं गायकवाडांसाठी देवादिकांची चित्रं काढली, मग छापखान्यातून ती घराघरांत गेली. सीता कशी दिसते, सरस्वती कशी दिसते, हे लोकांना चित्रांवरून पक्कं ठाऊक झालं. त्या रविवर्मा छापखान्यात काम केलेल्या फाळक्यांनी मग जिवंत माणसं उभी केली. आणि १९१७ च्या लंकादहनात राम अण्णासाहेब साळुंके, सीताही अण्णासाहेब साळुंके. "लोकांनी दंडाच्या बेटकुळ्या पाहिल्या नसतील? पाहिल्या असतील. चाललं ना?" बाबा म्हणतात. आणि आम्ही भांडतोय ते सांजीच्या भुवईवरून.

ती भुवई म्हणजे वन पीस, समुद्री चाच्यांची गोष्ट; सांजी त्यांचा स्वयंपाकी. नेटफ्लिक्सवर ३१ ऑगस्ट २०२३ ला आठही भाग आले आणि भाच्यानं रात्रभर जागून संपवले. सकाळी डोळे लाल, पण तक्रारी दोनच. सांजीची भुवई गोल वळलेली नाही आणि त्यांच्यातल्याच उसॉपचं नाक लांब नाही. मी म्हटलं, अरे, माणसाला लांब नाक चिकटवलं की तो उसॉप होत नाही, विदूषक होतो, आणि विदूषक त्यात आधीच एक आहे, बगी नावाचा, त्याचं लाल नाक ठेवलंय ना त्यांनी? आर्लाँग माशासारखा, त्याचं करवतीसारखं नाक पण ठेवलं, कारण तो माणूस नाहीच. ज्यांच्याशी आपल्याला रडायचंय त्यांचे चेहरे मोकळे सोडले, बाकीच्यांवर हवा तेवढा मेकअप थापला. फोनसारख्या वापरायच्या त्या गोगलगायी चक्क कळसूत्री केल्या. हे ठरवायला धंद्यातला माणूस लागतो. मांगाचे जनक एइचिरो ओदांनी स्वतः मान डोलावल्याशिवाय मालिका बाहेर पडायची नाही असं ठरलेलं होतं, तेही कामी आलं असेल.

भाच्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "भुवईला काय झालं होतं पण?" भुवईला काहीच झालं नव्हतं. भुवई करता आली असती. दोन मिनिटांचं काम आहे, पेन्सिलीचं.

जपानमध्ये याच वन पीसचं २०१५ मध्ये काबुकी, म्हणजे तिथलं पारंपरिक नाटक, झालं. इचिकावा एन्नोसुके त्यात नायक लुफी. मी बाबांना त्याचे फोटो दाखवले तेव्हा पहिल्यांदाच ते मोबाइल हातात घेऊन खुर्चीत बसले. रंगवलेले चेहरे, मणामणाचे कपडे, डोंगराएवढे टोप, आणि समोर प्रेक्षक अंतरावर बसलेला. "हे आपलं," ते म्हणाले. पुढच्या फोटोला ते स्वतःच अंगठा फिरवून गेले, जे त्यांना येतं हे मला माहीत नव्हतं.

तर आमचा गोकू. कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी उंच मुलगा टोप परत घेऊन आला, तोंड पाडून. स्टेजवर गेला तेव्हा शिट्ट्या पडल्या, मागच्यांनी आरोळ्या ठोकल्या, नंबरही आला. पण मित्रानं जवळून रील काढली. त्यानं ती आम्हाला दाखवली. मान डावीकडे वळते, आणि केस अर्धा क्षण मागेच राहतात. खाली जाळीची कड. तीस हजार लोकांनी बघितली म्हणे, आणि एकानं लिहिलं होतं, गोकूनं अननस पाळलाय.

बाबांनी रील दोनदा पाहिली. "मला आधी विचारलं असतंस की फोटो कुठून काढणार," ते त्याला म्हणाले, "तर कड कापली असती." मग त्याचं डिपॉझिट पूर्ण परत दिलं, आणि टोप रावणाच्या दहा डोक्यांशेजारी फळीवर ठेवला.

तो तिथे तीन महिने होता. जानेवारीत एक बाई आल्या, मुलगी सीनियर केजीत, फॅन्सी ड्रेसला सूर्य व्हायचंय, सूर्याचं काही आहे का? मी बाबांकडे पाहिलं. बाबा स्टूलवर चढले.

"कुठून बघणार लोक?" त्यांनी वरूनच विचारलं.

"शाळेच्या हॉलमध्ये, काका. आम्ही पालक मागे बसणार."

"मग हा घ्या. दीडशे रुपये, आणि उन्हात ठेवू नका, तुरे वाकतात."