काकांचा वाढदिवस दोन महिने आधी आला

आमच्या इंदूरच्या मराठी मंडळात सभासदांच्या वाढदिवसाला मेसेज पाठवायचं काम माझ्याकडे आहे. 7 मेला सकाळी पोहे-जलेबी खाता खाता एका काकांना शुभेच्छा टाकल्या तर लगेच फोन, "अरे, माझा 5 जुलैला असतो, एवढी काय घाई?"

लिस्ट उघडली. सभासदांनी भरलेल्या फॉर्मच्या सीएसव्ही फाइलमध्ये (स्वल्पविरामांनी वेगळी केलेली साधी टेक्स्ट फाइल) 05/07/1951 होतं, पण माझा लॅपटॉप अमेरिकन सेटिंगवर, म्हणून एक्सेलने आधी महिना धरला. मी आपला कॉलम सिलेक्ट करून कंट्रोल-वन दाबून भारतीय फॉरमॅट लावत बसलो, तर दिसायला 07-05-1951, म्हणजे चूक तीच फक्त कपडे नवे. आणि 25/04 वाल्या तारखा ढिम्म हलेनात, सेलच्या डाव्या बाजूला चिकटून बसलेल्या, कारण पंचविसावा महिना नसतो म्हणून त्या नुसता टेक्स्ट राहिल्या होत्या. डावीकडे असेल तर टेक्स्ट, उजवीकडे असेल तर तारीख, ही खूण तेव्हा कळली (अलाइनमेंट आपण बदललेली नसेल तर). काकांच्या सेलचा फॉरमॅट जनरल केला (म्हणजे तारखेमागचा नुसता आकडा दिसतो) तर 18755 आला. एक्सेल 1 जानेवारी 1900 ला 1 धरून दिवस मोजतं, 5 जुलै असता तर 18814 यायला हवा होता.

म्हणजे फॉरमॅट बदलून काही होणार नव्हतं, आकडाच चुकलेला. मग फाइल सेव्ह न करता बंद केली, कंट्रोल पॅनलमध्ये रीजन इंग्लिश इंडिया केलं आणि मूळ सीएसव्ही परत उघडली, सगळ्या तारखा गुपचूप उजवीकडे. एकच राहिली, एका आजींनी साल नुसतं 28 लिहिलेलं, तर त्यांचा जन्म 2028 चा दाखवत होता भिया! ते हाताने 1928 केलं.

नोटीस बोर्डाच्या प्रिंटसाठी फॉरमॅट सेल्समध्ये लोकेल (म्हणजे भाषा-प्रदेश) मराठी निवडलं, महिने मराठीत आले, मंडळी खूश. फक्त त्या यादीत सुरुवातीला चांदणी (*) असलेला फॉरमॅट घेऊ नका, तो ज्या कॉम्प्युटरवर उघडेल तिथल्या सेटिंगप्रमाणे बदलतो, मी आधी तोच घेतला होता आणि वहिनींच्या लॅपटॉपवर परत महिना पुढे.

काकांना 5 जुलैला पुन्हा मेसेज केला. उत्तर आलं, "या वर्षी दोनदा झाला, आता पार्टी पण दोन."