मोटेपासून सीटपर्यंत: आमची वाटचाल

सायकलीच्या चामडी सीटसाठी गिऱ्हाईक दुकानात आलं की आधी त्याला स्टुलावर बसवतो. स्टुलावर टीव्हीच्या खोक्याचा पन्हळी पुठ्ठा असतो. गुडघे जरा वर, पाठ थोडी पुढे, आणि मिनिटभर हलायचं नाही. उठल्यावर पुठ्ठ्यात दोन खळगे दिसतात, बसायच्या हाडांचे. त्यांच्या मध्यातलं अंतर मोजलं की निम्मं काम झालं. नवखी माणसं लाजतात. डॉक्टरमंडळी अजिबात नाही.

धंदा तिसऱ्या पिढीचा, पण वस्तू दर पिढीला बदलली. आजोबा निफाडकडे मोटा शिवायचे, विहिरीतून बैलांनी पाणी ओढायच्या चामडी पिशव्या. सोंड कशी जोडायची, पाठीचं चामडं कुठे लावायचं आणि पोटाचं कुठे, हे त्यांच्या बोटांना ठाऊक होतं. विहिरींवर इंजिनं आली आणि मोट संपली. अण्णा, म्हणजे माझे वडील, नाशिकरोडला आले. तेव्हा तिथल्या सरकारी नोटांच्या प्रेसची पाळी सुटली की रस्ता सायकलींनी भरून जायचा आणि बहुतेक सायकलींना चामड्याचीच सीट असायची, खाली स्प्रिंगा. अण्णा रस्त्याकडेला आरी-रापी घेऊन बसत. लोंबलेली सीट घट्ट करणं, तुटलेलं रिबिट बदलणं, यावर आमचं घर चाललं. मग स्कूटरी आल्या, रेक्झिनच्या सीटा आल्या, आणि मी अंबडच्या एका कारखान्यात लागलो.

2015 साली आपल्या नाशिकच्या महाजन बंधूंनी, दोघेही डॉक्टर, अमेरिका आडवी ओलांडणारी ‘रॅम’ शर्यत पूर्ण केली. त्यानंतर गंगापूर रोडला पहाटे पाहावं तर सायकलीच सायकली. काहींनी ब्रेव्हे सुरू केल्या, म्हणजे ठरल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या: 200 किलोमीटर साडेतेरा तासांत. तेवढा वेळ मऊ जेल भरलेल्या गादीच्या सीटवर बसलेला माणूस दुसऱ्या दिवशी खुर्चीत कसा बसतो, ते बघण्यासारखं असतं! मऊ गादीत हाडं रुततात, मधला नाजूक भाग दाबला जातो आणि मुंग्या येतात. चामड्याची सीट गादी नसतेच मुळी. ती ताणलेली बाज आहे, पुढच्या नाकापासून मागच्या लोखंडी कमानीपर्यंत.

अशातच एकाने इंग्लंडची ब्रुक्स सीट दुरुस्तीला आणली. अण्णांनी ती उलटी केली, वास घेतला आणि म्हणाले, “झाडाच्या सालीत कमावलंय. आपल्यासारखंच.” या ब्रुक्सचा मूळ धंदा घोड्याच्या सामानाचा. 1866 साली बर्मिंगहॅममध्ये सुरू झालेला, सीटचं पेटंट 1882चं. म्हणजे ते घोड्याकडून सायकलीकडे आले, आम्ही मोटेकडून. मी नोकरी सोडली आणि सीटा बनवायला लागलो.

पहिल्या खेपेत तोंडावर आपटलो. बाजारातून सालीऐवजी क्रोमच्या क्षारात कमावलेलं चामडं आणलं: स्वस्त, गुळगुळीत, रंगही सुरेख. अकरा सीटा विकल्या. दोन महिन्यांत अकराही पाळण्यासारख्या लोंबल्या. सगळ्या परत घेतल्या, पैसे दिले, त्या दिवाळीला घरात नवे कपडे आले नाहीत. अण्णा एवढंच म्हणाले, “मऊ चामड्याची मोट कधी पाहिलीस का?” मी मोटच पाहिली नव्हती, पण हे बोलायची ती वेळ नव्हती.

तेव्हापासून म्हशीचं चामडं कोल्हापूरकडून येतं, बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं, वहाणेच्या तळाला लागतं तसं. त्यातलं फक्त पाठीचं घेतो. पोटाकडचं ताणलं जातं. भिजवून लाकडी फर्म्यावर बसवायचं, सावलीत वाळवायचं, मग तांब्याची रिबिटं ठोकायची. घाई केली की चामडं सूड घेतं. ज्यांना चामडं चालत नाही, त्यांना रबराची सीट कुठे मिळेल ते सांगतो. धर्माचा वाद दुकानात नको.

निवड करताना हाडं लोखंडी कमानीवर किंवा रिबिटांवर येता कामा नयेत, ती आतल्या चामड्यावर टेकायला हवीत. म्हणून सीट खळग्यांतल्या अंतरापेक्षा बरीच रुंद लागते. ताठ बसून भाजी आणायला जाणाऱ्याला रुंद, स्प्रिंगवाली. हँडलवर वाकून पळणाऱ्याला अरुंद, बिनस्प्रिंगची. नाक किंचित वर ठेवायचं, नाहीतर माणूस दिवसभर पुढे घसरतो आणि मनगटं दुखली म्हणून सीटला शिव्या देतो.

नवी सीट लाकडासारखी लागते. “भाऊ, ही तर पाट आहे!” असं रोज कुणीतरी म्हणतं. आमचं उत्तर ठरलेलं: त्र्यंबकला आठ वेळा जाऊन-येऊन या, मग बोलू. साधारण 500 किलोमीटरांत हाडांच्या जागी खळगे पडतात आणि सीट तुमची होते. शॉर्टकट म्हणून लोक खोबरेल ओततात, कुणी शिलाई मशीनचं तेल. चामडं लगेच मऊ होतं आणि कायमचं लोंबतं. चरबी-मेणाचं मलम पुरतं. सुरुवातीला खालच्या खरखरीत बाजूने एकदा, वरून पातळ हात, मग चार-सहा महिन्यांनी. नाकाखालचा नट पाव फेरा, तोही चामडं खरंच सैल झालं तरच. काहीजण दर रविवारी आवळतात आणि रिबिटापाशी फाटलं की आमच्याकडे येतात.

नाशिकच्या पावसात सीट खालून जास्त भिजते, मागच्या चाकाच्या पाण्याने. मडगार्ड लावा, दिसायला कसंही दिसो. ओल्या सीटवर बसू नका, आकार जातो. ऊन आणि हेअर ड्रायर दोन्ही नकोत, पंख्याखाली वाळू द्या. वरून प्लास्टिकची पिशवी चालते, पण रात्रभर ठेवली तर सकाळी बुरशी. आली तर कोरड्या फडक्याने पुसून हवेशीर ठेवा.

मागच्या महिन्यात प्रेसमधून निवृत्त झालेले एक काका आले. अण्णांनी कधीकाळी रिबिट बदलून दिलेली सीट, काळीभोर, दोन खोल खळग्यांची. ती त्यांना नातवाच्या सायकलला लावायची होती. लावून दिली असती, पण ते खळगे आजोबांचे. नातवाला स्टुलावर बसवलं, पुठ्ठा नवा घेतला.