चर्चमागच्या चाळीतलं पाणी

कुठे क्रूस तोडला गेला की आमच्या धर्मग्रामाचा, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या कॅथलिक कुटुंबांचा, व्हॉट्सॲप ग्रुप रात्रभर जागा असतो. निवेदन तयार होतं, सह्या होतात, माणसं मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर येतात. यायलाच हवं. पण चर्चमागच्या चाळीत नळाला गढूळ पाणी येत होतं, तेव्हा त्याच ग्रुपवर एक ओळही नव्हती. त्या चाळीत आपली ख्रिस्ती घरं जेमतेम दोन. हे माझ्या मनाला फार लागलं.

मी माझगावची. इथल्याच माथारपाखाडीत १८६४ साली जोसेफ बॅप्टिस्टा जन्मले. ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-वसईकडचे मूळचे कॅथलिक, पण सगळ्या लोकांचे 'काका'. १९१६ मध्ये टिळकांनी बेळगावात होमरूल लीग काढली, तिचे पहिले अध्यक्ष काकाच. १९२० मध्ये आयटक ही कामगार संघटना उभी राहिली तीही त्यांचा हात लागून, आणि १९२५ मध्ये मुंबई महापालिकेचं प्रमुखपद त्यांच्याकडे आलं. डोंगरावरच्या बागेला त्यांचं नाव आहे आणि त्या बागेखाली पाण्याचा जलाशय आहे. आपली मुलं तिथे रोज खेळतात. काका कोण होते, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी हरित वसईचा लढा दिला तो सगळ्या वसईकरांसाठी. आयुष्यभर मराठीत लिहिलं. २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं तेव्हा धर्मगुरू म्हणून विरोध झाला, पण वाचक त्यांच्या बाजूने उभे राहिले. ते वाचक आधीपासून त्यांचे होते.

"राजकारण घाण, आपण प्रार्थना करावी," असं आमच्यातली वडीलधारी मंडळी म्हणतात. पण बायबलमध्ये, बाबेल शहरात कैदी म्हणून नेलेल्या यहुद्यांना यिर्मया संदेष्ट्यानं सांगितलं, ज्या शहरात आहात त्याचं भलं बघा, आणि त्यासाठी प्रार्थनाही करा. आपण पहिलं सोडून दुसरंच धरून बसलोय. मत कुणाला द्यायचं ते फादरांनी वेदीवरून सांगू नये, हे मला मान्य आहे. पण वॉर्डात काय चाललंय ते विचारायला वेदी कशाला हवी?

गेल्या आठवड्यात चाळीतल्या एका आजींबरोबर आम्ही चौघीजणी वॉर्ड ऑफिसात गेलो. आजींनी गढूळ पाणी औषधाच्या बाटलीत भरून आणलं होतं, वर चिकटपट्टीवर तारीख लिहिलेली. इंजिनियरनं ती उजेडात धरून पाहिली आणि तक्रार नोंदवून घेतली. पुढच्या शनिवारी पुन्हा जायचंय. कोण येणार, ग्रुपवर नाव टाका.