लाल दिव्यासमोर थांबणाऱ्या सायकली : म्युन्स्टरहून

जर्मनीच्या वायव्य भागातील म्युन्स्टर शहराची लोकसंख्या तीन लाखांहून थोडी अधिक आहे आणि शहरात सायकली मात्र सुमारे पाच लाख असाव्यात, असा अंदाज येथे नेहमी सांगितला जातो. त्यामुळे सकाळी आठच्या सुमारास मोठ्या चौकात सिग्नल लाल झाला की मोटारींपेक्षा सायकलींचीच रांग लांब दिसते. त्या रांगेत विद्यापीठाकडे निघालेले विद्यार्थी असतात, सायकलीला जोडलेल्या पेटीत दोन मुले बसवून पाळणाघर गाठणारे आईवडील असतात, कोट घातलेले कचेरीतले लोक असतात आणि सत्तरी ओलांडलेल्या आजीही असतात. आडव्या रस्त्यावरून एकही गाडी येत नसली, तरी यांतील बहुतेक जण एक पाय टेकवून मुकाट्याने उभे राहतात. पुण्याहून आलेले पाहुणे हे दृश्य पाहून ‘जर्मन माणूसच शिस्तीचा’ असा निकाल लगेच देऊन टाकतात. येथे राहून माझे मत थोडे वेगळे झाले आहे. स्वभावाचा वाटा यात असेलही; पण सायकल चालवणाऱ्याला कायद्याने आणि रस्ता आखणाऱ्यांनी पूर्ण हिशेबात धरले आहे, हे कारण मला अधिक खरे वाटते.

जर्मनीच्या वाहतूक नियमांत सायकल हे एक वाहन आहे आणि ती चालवणाऱ्याला वाहनचालकाच्या जबाबदाऱ्या लागू होतात. सायकलवरून लाल सिग्नल तोडला तर 60 युरो दंड होतो आणि दिवा लाल होऊन एक सेकंदाहून अधिक वेळ झालेला असेल, तर तो 100 युरोंवर जातो. दंडापेक्षाही लोकांना धास्ती असते ती त्याबरोबर नावावर लागणाऱ्या नियमभंगाच्या एका गुणाची. हा गुण देशाच्या उत्तर टोकावरील फ्लेन्सबुर्ग येथील केंद्रीय नोंदवहीत जातो आणि असे आठ गुण जमले की मोटार चालवण्याचा परवाना रद्द होतो. आश्चर्याची गोष्ट म्हणजे ज्याने आयुष्यात कधी परवाना काढलेला नाही, त्याच्या नावावरही सायकलीपायी असा गुण जमा होऊ शकतो. सायकल चालवताना मोबाइल हातात धरला तर 55 युरो द्यावे लागतात. आपल्याकडे कॉलेजच्या दिवसांत सर्रास चालणारे डबलसीटही येथे जमत नाही, कारण त्यासाठी सायकल मुळातच दुसरा माणूस बसवण्यासाठी बनवलेली असावी लागते.

मात्र हेच नियम मोटारवाल्यांनाही तितकेच बांधून ठेवतात. गावाच्या हद्दीत सायकलीला ओलांडून पुढे जाताना मोटारीने किमान दीड मीटर आणि हद्दीबाहेर दोन मीटर अंतर ठेवलेच पाहिजे, असे 2020 पासून नियमांत आकड्यानिशी लिहिलेले आहे. अरुंद रस्त्यावर एवढी जागा मिळत नाही. अशा वेळी मागची मोटार सायकलीच्या गतीने चालत राहते आणि हॉर्न सहसा वाजत नाही. सरळ जाणारा सायकलस्वार ट्रकचालकाच्या नजरेआड राहून चाकाखाली येण्याचे अपघात येथेही होतात, म्हणून साडेतीन टनांहून जड वाहनाने शहरात उजवीकडे वळताना, सायकली किंवा पादचारी येण्याची शक्यता असेल तेथे, माणसाच्या चालण्याच्या वेगाने वळावे, असाही नियम त्याच वर्षी आला. येथील वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते, हे वाचताना ध्यानात ठेवावे.

सिग्नलची रचना नवख्या माणसाला प्रथम गोंधळात टाकते. अनेक चौकांत सायकलीचे चित्र असलेला छोटा स्वतंत्र दिवा असतो आणि तो असेल तर तोच पाळायचा. तो नसेल तर मोटारींचा दिवा आपला. पादचाऱ्यांच्या दिव्यात सायकलीचेही चित्र असेल, तरच तो आपल्याला लागू होतो. काही ठिकाणी मोटारींची थांबण्याची रेषा मागे घेऊन तिच्यापुढे सायकलींसाठी रुंद जागा आखलेली असते, त्यामुळे दिवा हिरवा होताच सायकली सर्वांच्या नजरेसमोरून आधी निघतात. आपली जागा आणि आपला दिवा अशा रीतीने ठरवून दिलेला असला की थांबणे फारसे जड जात नाही, असा माझा अनुभव आहे. पुण्यात ज्या सायकल ट्रॅकवर दुचाकी उभ्या असतात आणि जो पुढे एखाद्या खांबापाशी संपून जातो, त्यावरून चौकात पोहोचणाऱ्या माणसाने नेमके कोठे थांबावे, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

शिकवण्याचे काम शाळेतच होते. साधारण चौथीत असताना मुलांना पोलिसांच्या मदतीने सायकलचे धडे देतात आणि शेवटी परीक्षा घेतात. वळण्यापूर्वी खांद्यावरून मागे पाहणे, हात बाजूला करून दिशा दाखवणे, ब्रेक आणि दिवे तपासणे या गोष्टी त्यात येतात. आठ वर्षे पूर्ण होईपर्यंत मुलांनी सामान्यतः फुटपाथवरूनच सायकल चालवायची असते. त्यापुढे दहा वर्षे पूर्ण होईपर्यंत फुटपाथ वापरण्याची मुभा राहते, नंतर नाही.

याचा अर्थ म्युन्स्टरचे सायकलस्वार संत आहेत, असा मुळीच नाही. राँग साइडने येणारे येथेही भेटतात, पावसात वैतागून लाल दिवा तोडणारेही भेटतात आणि हिवाळी सत्र सुरू झाले की दिवे नसलेल्या जुन्या सायकली घेऊन नवे विद्यार्थी अंधारात फिरू लागतात. जुन्या तटबंदीच्या जागी झाडांच्या रांगांतून शहराला वळसा घालणारी सुमारे साडेचार किलोमीटरची प्रोमेनाड मोटारींना बंद आहे; पण तेथे गर्दीच्या वेळी पायी चालणारी वयस्कर मंडळी सायकलवाल्यांच्या वेगाबद्दल जी तक्रार करतात, ती मला रास्त वाटते. मोटारीपासून संरक्षण मागणाऱ्या सायकलस्वाराला पादचाऱ्यापुढे आपण स्वतःच मोटार होतो, याचे भान अनेकदा नसते.

2020 मध्ये आणखी एक सवलत मिळाली. ज्या सिग्नलवर सायकलींसाठी हिरव्या बाणाची पाटी लावलेली आहे, तेथे दिवा लाल असतानाही उजवीकडे वळता येते. अट एवढीच की आधी पूर्ण थांबायचे, पादचाऱ्यांना आणि आडव्या वाहतुकीला जाऊ द्यायचे आणि मगच वळायचे. आमच्या भागातल्या अशा एका कोपऱ्यावर वळण्याची परवानगी सगळ्यांच्या लक्षात राहिली आहे, थांबण्याची अट मात्र निम्म्या लोकांच्याही लक्षात दिसत नाही.