आलमांडमध्ये श्वास कुठे घ्यायचा?

हेगमध्ये ट्रॅव्हर्सो, म्हणजे युरोपीय संगीताच्या बरोक काळातील (साधारण १६०० ते १७५०) लाकडी आडवी बासरी, शिकण्याचे माझे दुसरे वर्ष सुरू असताना मी जर्मन संगीतकार बाखची ए मायनरमधील एकट्या बासरीसाठीची पार्टिता, म्हणजे नृत्यांवर बेतलेल्या भागांची माळ, वादनासाठी निवडली आणि पुढचे सहा महिने मुख्यतः एकाच प्रश्नात गेले. तिच्या चार भागांपैकी पहिला, आलमांड, निमिषभराच्या विरामाने सुरू होतो. मग एका ठोक्याला चार या हिशेबाने स्वर धावू लागतात, ते पूर्वार्ध संपेपर्यंत थांबत नाहीत. व्हायोलिन वाजवणाऱ्याला यात काही वावगे वाटणार नाही. बाखच्या हातची प्रत आज उपलब्ध नाही आणि नकलाकारांच्या प्रतीत श्वासाची एकही खूण नाही.

पुण्यात बारा वर्षे बासरी शिकले असल्यामुळे दमाची मला काळजी नव्हती. पण आलापात न्यासावर थांबून श्वास घेतला तरी मागे तानपुरा सुरू असतो; इथे मी थांबले की संगीतच थांबते. बोटांचीही तशीच फसगत झाली. ट्रॅव्हर्सोला सहा छिद्रे आणि एकच चावी असते. मधले बरेचसे स्वर आपल्यासारखे अर्धे छिद्र झाकून नव्हे, तर एक छिद्र उघडे ठेवून त्याच्या खालची बंद करून काढतात आणि ते मुळातच दबके येतात. ए मायनरमध्ये नेमके एफ आणि जी शार्प हे दोन दबके स्वर सतत लागतात. त्यांना इतरांच्या बरोबरीला आणण्यासाठी मी जोरात फुंकत असे. त्याने सूर चढे आणि दम आणखी लवकर संपे. ते दबकेपण तसेच राहू द्यायचे असते, हे पटायला दोन महिने लागले.

श्वासाच्या बाबतीत खरा आधार मिळाला तो प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याचा बासरीगुरू क्वांट्स याच्या १७५२ सालच्या ग्रंथाचा. सारख्या लांबीचे जलद स्वर सलग येत असतील, तर ठोक्यावर पडणाऱ्या पहिल्या स्वरानंतर श्वास घ्यावा, असे तो सांगतो. मात्र मात्राखंडातल्या, म्हणजे स्वरलिपीत उभ्या रेघेने वेगळ्या केलेल्या ठोक्यांच्या गटातल्या, शेवटच्या स्वरानंतर कधीही घेऊ नये, कारण तो स्वर कितीही तोकडा वाजवला तरी ऐकणाऱ्याला लांबलेला वाटतो. मी नेमके तेच करत होते, कारण मात्राखंडाची रेघ डोळ्यांना विरामासारखी दिसते. नवा नियम हाताशी आल्यावर लक्षात आले की या एकाच ओळीत बाखने दोन आवाज गुंफले आहेत: मधूनच ठोक्यावर येणारे खालचे स्वर हा जणू खर्ज आणि वरची धावती ओळ वेगळी. खालचा स्वर थोडा आखडून तिथे श्वास चोरला, तर तो खर्ज कानात रेंगाळतो आणि वरचा आवाज नव्याने शिरल्यासारखा वाटतो. गालात हवा साठवून न थांबता वाजवण्याची युक्तीही मी करून पाहिली. पण तशा वाजवण्यात हे दोन आवाज एकमेकांत मिसळून गेले, म्हणून ती सोडून दिली. उत्तरार्धात पेन्सिलीने केलेल्या चौदा खुणा खोडत खोडत नऊवर आल्या.

वादन फेब्रुवारीत एका लहान चर्चमध्ये होते. थंडीत ट्रॅव्हर्सोचा सूर उतरतो, म्हणून आधी अर्धा तास ती कोटाच्या आत धरून बसले होते. तरीही घबराटीने हनुवटीला घाम आला आणि मुखरंध्र ओठावरून घसरू लागले. क्वांट्सने यावरही उपाय लिहिला आहे: ओठ आणि बासरी पुसून, डोक्यावरच्या पावडर लावलेल्या केसांच्या टोपाला बोट लावावे आणि बोटाला चिकटलेली पावडर ओठाखाली चोळावी. माझ्याकडे टोप नव्हता. पूर्वार्ध संपताच रुमालाने भागवले.

आलमांडचा शेवट वरच्या ए वर होतो. ट्रॅव्हर्सोच्या आवाक्याचे ते जवळजवळ टोक. तो स्वर ओरडून नव्हे, तर ओठ आवळून, बारीक धारेने काढायचा असतो. तो लागला, बारीक पण सुरात. ध्वनिमुद्रण ऐकताना मी उत्तरार्धातले श्वास मोजले: नऊ ठरवलेले आणि दोन आगंतुक. त्यांपैकी एक मात्राखंडाच्या शेवटच्या स्वरानंतर घेतला आहे आणि तो स्वर क्वांट्स म्हणतो तसा स्पष्ट लांबलेला ऐकू येतो.